४ मिलिमीटरचं भोक, ७७ मिलिमीटरची काच

टोकिनाची ११-१६ मिमी एफ/२.८ ही लेन्स हातात घेतली की आधी डोळ्यांत भरतो तो तिचा थोराड चेहरा. पुढच्या फिल्टरचा व्यास ७७ मिमी, वजन अर्ध्या किलोच्या वर. आता ती ११ मिमीवर ठेवा आणि अॅपर्चर पूर्ण उघडं असताना समोरून आत डोकावून पाहा. प्रकाश ज्यातून आत शिरतो ते भोक जेमतेम ४ मिमीचं दिसतं, मसुराच्या दाण्याएवढं. फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातले मिमी) भागिले एफचा आकडा, म्हणजे ११ भागिले २.८, की हा व्यास मिळतो. मग एवढ्याशा भोकापुढे एवढी मोठी काच कशाला? वाइड लेन्सच्या किमतीचं सगळं गणित इथूनच सुरू होतं.

आधी वाइड म्हणजे किती वाइड ते पाहू. कॅननच्या साध्या डीएसएलआरमधला क्रॉप, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, सेन्सर साधारण २२ मिमी रुंद असतो. त्यावर कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची किट लेन्स १८ मिमीला आडवे ६४ अंश टिपते. ११ मिमीला हाच कोन ९१ अंश होतो. खोलीच्या कोपऱ्याला पाठ टेकवून उभं राहिलात, तर दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींशी ९० अंश करून पुढे जातात. म्हणजे किट लेन्सने त्या खोलीचा एक तुकडा मिळेल आणि ११ मिमीने अख्खी खोली. मुंबईतल्या वन-रूम किचनचे फोटो जाहिरातीत ऐसपैस कसे दिसतात, त्याचं गुपितही हेच.

आता मोठ्या काचेकडे येऊ. डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे आरसा असतो आणि फोटो काढताना तो वर उडतो. त्याला हलायला जागा हवी, म्हणून लेन्स बसते ती कडी सेन्सरपासून लांब ठेवावी लागते. कॅननमध्ये हे अंतर ४४ मिमी, निकॉनमध्ये ४६.५ मिमी. साधं एकच भिंग ११ मिमी फोकल लेंग्थचं असेल, तर ते सेन्सरपासून ११ मिमीवर बसवावं लागेल. तिथे तर आरसा आहे!

यावरचा तोडगा डीएसएलआरपेक्षा खूप जुना आहे. टेक्निकलरच्या सिनेमा कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे प्रकाशाचे भाग पाडणारा प्रिझम असायचा, त्यामुळे अडचण अशीच होती. त्यासाठी १९३०च्या दशकात उलट्या टेलिफोटोच्या रचनेची लेन्स तयार झाली. पुढे १९५० साली फ्रान्सच्या पिएर आँजेनिओ यांनी हीच कल्पना साध्या कॅमेऱ्यांसाठी बाजारात आणली आणि तिला ‘रेट्रोफोकस’ हे नाव दिलं. तिच्यात सर्वांत पुढे प्रकाश फाकवणारी अंतर्गोल भिंगं बसवायची आणि मागे तो गोळा करणारी बहिर्गोल. त्यामुळे लेन्स सेन्सरपासून ४५-५० मिमी दूर राहूनही ११ मिमीसारखी वागते.

या सोयीची किंमत पुढच्या काचेला मोजावी लागते. पन्नासेक अंश बाजूने, पार तिरके येणारे किरणही तिनेच पकडायचे, म्हणून ती मोठी. किरणांना इतकं वाकवलं की सरळ रेषा पोट काढतात आणि कडांना रंगीत झालर येते. ते दुरुस्त करायला आणखी भिंगं घालावी लागतात. टोकिनाच्या या लेन्समध्ये एकूण १३ भिंगं आहेत आणि त्यांतली काही अगोल, म्हणजे ज्यांचा पृष्ठभाग गोलाचा तुकडा नसतो अशी. ही घासून बनवणं पूर्वी फार खर्चिक होतं. तापवलेली काच साच्यात दाबून ती बनवता येऊ लागली, तेव्हा परवडणाऱ्या वाइड झूमची वाट मोकळी झाली. रेट्रोफोकसचा एक फायदाही आहे. साध्या रचनेत अक्षापासून ४५ अंशांवर येणारा प्रकाश सेन्सरवर पोहोचेपर्यंत मधल्या प्रकाशाच्या एक चतुर्थांश उरतो. या रचनेत किरण मागच्या बाजूने कमी तिरके बाहेर पडतात, म्हणून कोपरे तितके काळवंडत नाहीत.

आता टोकिनासारख्या थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनवणाऱ्या, कंपन्यांविषयी. टॅमरॉन आणि टोकिना या दोन्ही १९५०च्या सुमाराच्या, सिग्मा १९६१ची आणि तिघीही जपानी. सॅमयांग दक्षिण कोरियाची, १९७२ची. तिच्याच लेन्स रॉकिनॉन, बॉवर अशा नावांनीही विकल्या गेल्या, तेव्हा वेगळं नाव पाहून फसू नका. या कोणी उपऱ्या नाहीत. टॅमरॉनने १९५७ मध्येच एक लेन्स वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर बसवता येईल असा टी-माउंट (माउंट म्हणजे लेन्स बसते ती कडी) काढला होता. खरी अडचण कॅमेरा आणि लेन्समधल्या संभाषणाची असते. कॅननचा १९८७चा ईएफ माउंट पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक आहे आणि बाहेरच्या कंपनीला ती भाषा बहुधा स्वतःच उलगडून काढावी लागायची. म्हणूनच फिल्मच्या काळातल्या कित्येक जुन्या सिग्मा लेन्स कॅननच्या डिजिटल बॉडीवर चढवल्या, की अॅपर्चर बारीक करताच ‘एरर ९९’ दिसतो. अशा लेन्स बाजारात फार स्वस्त मिळतात, आणि स्वस्ताईचं कारण हेच असतं.

स्वस्त लेन्समध्ये काच हलक्या प्रतीची असते, हा समज मात्र काढून टाका. वाइड लेन्स बनवणारा प्रत्येकजण कुठे ना कुठे कात्री लावतो. ती कुठे लावली आहे ते ओळखायचं आणि आपल्या कामाला जे लागत नाही तेच ज्या लेन्समधून कापलं आहे ती घ्यायची.

टोकिनाने कात्री लावली झूमवर. ११ ते १६ म्हणजे दीडपटही नाही. एवढ्या झूमला झूम म्हणावं का, असा प्रश्न पडावा. बदल्यात सगळीकडे एफ/२.८ मिळतं. सिग्माची १०-२० आणि टॅमरॉनची १०-२४ यांनी पल्ला जास्त दिला आणि उजेड कमी केला. सॅमयांगच्या १४ मिमी एफ/२.८ने तर ऑटोफोकसच काढून टाकला. फोकस हाताने, अॅपर्चरही लेन्सवरची कडी फिरवून. शिवाय तिच्यात सरळ रेषा मिशीसारखी लहरते: मधे फुगते आणि टोकांना पुन्हा उलटी वळते. सॉफ्टवेअरमधला एक स्लायडर सरकवून ही लहर जात नाही. त्या लेन्सचं खास प्रोफाइल, म्हणजे तिच्या दोषांची तयार दुरुस्ती, लावावी लागते. डोंगराच्या फोटोत ती कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण वाड्याच्या खांबांच्या ओळीत लगेच दिसेल.

ऑटोफोकस नाही म्हटल्यावर बरेच जण मागे फिरतात. वाइड लेन्सच्या बाबतीत ही भीती निम्मी तरी अनाठायी आहे. क्रॉप सेन्सरवर ११ मिमीला एफ/८ ठेवून ८० सेंमीवर फोकस केला, तर साधारण ४० सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एफ/२.८ला फोकसचं हे अंतर २.३ मीटर होतं आणि सव्वा मीटरपलीकडचं सगळं चालून जातं. मोठी प्रिंट काढायची असेल तर थोडं काटेकोर व्हावं लागेल, एवढंच. स्वस्त मॅन्युअल लेन्सवर छापलेल्या अंतरांवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, चित्र मोठं करून दूरच्या दिव्यावर फोकस लावा आणि कडीवर पांढऱ्या पेनने खूण करून ठेवा. निकॉनवाल्यांसाठी आणखी एक सूचना. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते आणि टोकिना ११-१६च्या पहिल्या आवृत्तीतही ती नव्हती. या जोडीत ऑटोफोकस चालत नाही. मोटर दुसऱ्या आवृत्तीत आली. जुन्या बाजारात दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून नावापुढचा ‘टू’ बघून घ्या.

व्हिडिओने या लेन्सचं नशीबच पालटलं. २००८ मध्ये निकॉन डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर आला, पाठोपाठ कॅननचा ५डी मार्क टू, आणि कमी पैशांत सिनेमासारखं चित्र मिळवणाऱ्यांची झुंबड उडाली. फोटो काढताना उजेड कमी पडला तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शटर हवं तितकं उघडं ठेवता येतं. व्हिडिओत ती मुभा नाही. सेकंदाला २५ चौकटी घेत असाल, तर हालचाल डोळ्यांना सहज वाटावी म्हणून शटर १/५० सेकंद ठेवतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू नये म्हणूनही तेच सोयीचं. शटरचे हात बांधले गेले की उरतात अॅपर्चर आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता. एफ/५.६च्या तुलनेत एफ/२.८ चौपट प्रकाश देतं. लग्नाच्या हॉलमध्ये ज्या चित्राला एकाचा आयएसओ ६४०० लागेल, तेच दुसऱ्याचं १६००वर भागेल. दीडपटही झूम नसलेली टोकिना व्हिडिओवाल्यांनी उचलून धरली ती याच हिशेबाने.

दिवसाउजेडी चालता-बोलता व्हिडिओ करणाऱ्याला मात्र मी थर्ड पार्टी सुचवणार नाही. कॅननने २०१४ मध्ये ईएफ-एस १०-१८ काढली. वजन २४० ग्रॅम, आत हादरे शोषणारी यंत्रणा, फोकसची मोटर बिनआवाजाची आणि अमेरिकेतली किंमत तेव्हा २९९ डॉलर. ती अंधारात लंगडी आहे, उन्हात नाही. निकॉनचीही १०-२० मिमीची अशीच हलकी लेन्स २०१७ मध्ये आली, पण ती एएफ-पी जातीची (नव्या प्रकारच्या फोकस मोटरची) असल्याने डी९०सारख्या जुन्या बॉडीवर चालत नाही. ‘कंपनीची म्हणजे महाग’ हे समीकरण वाइडमध्ये तरी या दोन लेन्सनी मोडलं.

व्हिडिओचे आणखी दोन खाचखळगे आहेत. उन्हात १/५० शटर ठेवलं की चित्र पांढरंफटक होतं. मग उजेड अडवणारा एनडी फिल्टर लागतो. सॅमयांग १४ मिमी किंवा सिग्मा ८-१६ यांची पुढची काच फुगीर असते आणि फिल्टर लावायला आटेच नसतात. दुसरा खळगा फोर-केचा, म्हणजे जास्त बारकावे टिपणाऱ्या व्हिडिओचा. निकॉन डी५००मध्ये फोर-के घेताना सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो आणि क्रॉप (चौकट फिल्मपेक्षा किती पटीने लहान तो आकडा) १.५वरून २.२५ होतो. कॅनन २००डी मार्क टूमध्ये तो सुमारे २.६ असतो. तिथे १० मिमीची लेन्स जवळपास किट लेन्सच्या १८ मिमीइतकंच दाखवते. वाइडसाठी पैसे मोजायचे आणि कॅमेऱ्याने ते कापून टाकायचे, याला अर्थ नाही. तेव्हा आपली बॉडी फोर-केमध्ये काय करते ते खरेदीआधी पाहा.

आकाशगंगेच्या मागे लागलेल्यांनी सुरुवातीचा ४ मिमीचा हिशेब इथे वापरावा. तारा हा प्रकाशाचा बिंदू असल्याने, एफचा आकडा काहीही असो, त्याचा किती प्रकाश गोळा होतो ते या भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं. १० मिमी एफ/४.५ला भोक २.२ मिमीचं, टोकिनाचं ११ला ३.९, सॅमयांगच्या १६ मिमी एफ/२चं चक्क ८. म्हणजे टोकिनाच्या चौपट प्रकाश, अर्थात आकाशाचा भाग कमी. एप्रिल-मेच्या रात्री भंडारदऱ्याला जाऊन धनु राशीच्या दिशेने कॅमेरा लावणार असाल, तर माझं मत सॅमयांगला. तिथे ऑटोफोकस तसाही काही कामाचा नसतो.

वाइड लेन्सबद्दलची सर्वांत मोठी तक्रार मात्र लेन्सची नसतेच. लग्नातल्या ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्या मावशी दीडपट रुंद दिसतात आणि नंतर फोटोग्राफरला ऐकून घ्यावं लागतं. सरळ रेषा सरळ ठेवणारी कोणतीही लेन्स गोल वस्तू कडेकडे ताणतेच. अक्षापासून ४५ अंशांवरचं डोकं १.४ पट लांबतं. लाखभराची लेन्स लावली तरी हा आकडा बदलत नाही, कारण तो भूमितीचा आहे. फिशआय लेन्समध्ये डोकी बऱ्यापैकी गोल राहतात, पण मांडवाचे खांब धनुष्यासारखे वाकतात. उपाय दोनच: माणसं कडेला उभी करू नका, किंवा चार पावलं मागे जाऊन १८ मिमी वापरा.

किट लेन्सच्या पुढे स्क्रूने बसणारी ‘०.४५ एक्स वाइड’ जोडणीही बाजारात स्वस्तात मिळते. तिच्यावर वेळ घालवू नका; मधला भाग जेमतेम आणि कडा पाण्यात कालवल्यासारख्या.

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांकडे वळणारे लोक डीएसएलआरच्या लेन्स विकत असल्याने जुन्या बाजारात या सगळ्या लेन्स बऱ्यापैकी मिळतात. घेताना आपली बॉडी सोबत न्या. विटांच्या किंवा टाइल्सच्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर धरा, अॅपर्चर पूर्ण उघडा, फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे. तीन बरे आणि एकच धूसर असेल तर आतलं एखादं भिंग जागेवरून हललेलं असण्याची दाट शक्यता. असा नग नको. मग सूर्य किंवा एखादा दिवा चौकटीच्या कडेला घेऊन पाहा. टोकिना ११-१६ इथे कच्ची आहे, उजेडाचे ठिपके पडतात. कडांची जांभळी-हिरवी झालर सॉफ्टवेअर पुसून टाकतं, हे ठिपके नाही.

शेवटी दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि काचेतून तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसू शकतात. ती बुरशी. ती काचेवरच्या कोटिंगमध्ये शिरलेली असेल, तर कारागीर लेन्स उघडून पुसून देईल, पण गेलेलं कोटिंग परत येत नाही. अशा लेन्सचा भाव विचारत बसू नका.