सील्ड की पोर्टेड? ट्रकच्या केबिनसाठी सबवूफरचा डबा

ट्रकमध्ये सबवूफर, म्हणजे खालचे स्वर (बेस) वाजवणारा स्पीकर, बसवायचा म्हटलं की बोलणं इंचांपासून सुरू होतं. दहा घेऊ की बारा? पण तोच दहा इंची सबवूफर दोन वेगळ्या डब्यांत बसवून बघा, दोन वेगळे आवाज ऐकू येतील. एक डबा चहूबाजूंनी हवाबंद, तो सील्ड. दुसऱ्याला मुद्दाम ठेवलेलं नळीसारखं तोंड असतं, तो पोर्टेड. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून वाजवले की पोर्टेड जास्त दणकतो आणि बहुतेक गिऱ्हाईक तोच उचलतं. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: गाडी चालवताना काचा बंद असतात की उघड्या?

जुना डबा घेताना पोर्टचं तोंड जाळीआड असेल तर हाताने ओळखता येतं. सिस्टीम बंद करा, चार बोटं कोनवर, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर, पसरून सारख्या, हलक्या दाबाने तो आत ढकला. सील्ड डब्यात कोंडलेली हवा उशीसारखी उलटी रेटते. पोर्टेडमध्ये हवेला वाट असते, त्यामुळे कोन सहज आत जातो. सील्ड म्हणून घेतलेला डबाही तसाच सैल लागला, तर कुठल्या तरी जोडातून हवा गळतेय.

ती कोंडलेली हवा म्हणजे सील्ड डब्याची स्प्रिंग. ती कोनला लगाम घालते. पखवाजाच्या धुम्यावर, म्हणजे कणीक लावलेल्या अंगावर थाप पडली, की ती वाजते आणि थांबते, पुढच्या थापेत मिसळत नाही. भजनं ऐकणाऱ्याला याचं मोल लगेच कळतं. जागाही कमी लागते: दहा इंचाला साधारण १५ ते २० लिटर. पोर्टेडला त्याच्या जवळपास दुप्पट.

पोर्टेडचं काम रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखं आहे. डबा ३५ हर्ट्झला (सेकंदाला ३५ कंपनं) ट्यून केला असेल, म्हणजे त्याच स्वराला घुमेल असा बनवला असेल, तर त्या स्वराच्या आसपास कोन जेमतेम हलतो आणि पोर्टमधली हवाच घुमते. म्हणून तेवढ्याच वॅटमध्ये तिथे जास्त आवाज मिळतो. त्याच्या खाली मात्र कोनला आवरणारं काही उरत नाही, तो नुसता फडफडतो आणि कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) जायची वेळ येते. पोर्टेड घेणाऱ्याने अॅम्पवरचा (अॅम्प्लिफायरवरचा) सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे स्वर अडवणारी सोय, ट्यूनिंगच्या जरा खाली लावलाच पाहिजे. तो नसलेला अॅम्प मी तरी या डब्याला जोडणार नाही.

आता काचांकडे येऊ. बंद खोली लहान असली की खालचे स्वर आपोआप फुगतात. केबिन दोन मीटरची धरली, तर साधारण ८५ हर्ट्झच्या खाली हे सुरू होतं. सील्ड डब्याचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टेडचा २४ ने. काचा बंद असल्या की केबिन सील्डची बरीचशी तूट भरून काढते आणि बेस सपाट, खोल लागतो. पोर्टेडमध्ये मात्र आधीच चढवलेल्या भागावर केबिनची भर पडते, मग सगळं एकसुरी घुमायला लागतं.

काच खाली केली की ही फुकटची भर निघून जाते. वर वारा आणि इंजिन. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन १५०० आरपीएमवर असेल तर त्याची मुख्य घरघर ७५ हर्ट्झला पडते, म्हणजे ऐन सबवूफरच्या पट्ट्यात. अशा गाडीत पोर्टेडचा जास्तीचा जोर खरोखर उपयोगी पडतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, त्यामुळे सील्डचं पारडं आता जड होत जाणार.

सबवूफरबरोबरच्या कागदावरही उत्तर असतं. एफएस (Fs, डब्याबाहेर मोकळा कोन ज्या हर्ट्झला घुमतो तो आकडा) याला क्यूईएसने (Qes, कोनवर कॉइल आणि चुंबकाचा लगाम किती ते सांगणारा आकडा) भागा. ५० किंवा त्याहून कमी आलं तर सील्ड, १०० च्या घरात आलं तर पोर्टेड, मधलं दोन्हीकडे चालतं. वॅट बघताना आरएमएसचाच (RMS, सतत पेलवणाऱ्या वॅटचा) आकडा धरा, खोक्यावरचा मोठा आकडा सोडून द्या.

विजेचं एकच सांगतो. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात, अॅम्प १२ व्होल्टचा. काही जण एकाच बॅटरीवरून वायर काढतात. ती बॅटरी कायम अर्धवट चार्ज राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. अॅम्प ओढेल तेवढ्या अँपिअरचा २४ ते १२ कन्व्हर्टर लावा.

आमचे दाजी लासलगावहून कांदा भरतात. जुन्या गाडीत उघड्या काचांनी त्यांचा पोर्टेड डबा छान वाजायचा. एसीची गाडी आली, तोच डबा बर्थखाली गेला आणि अभंगातले शब्दही बेसखाली गाडले गेले. नवीन डबा करण्याआधी आम्ही पोर्टमध्ये जाड स्पंज गच्च दाबून बसवला आणि अॅम्पचा गेन (आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा खटका) थोडा उतरवला, कारण एवढ्या मोठ्या बंद डब्यात कोनवर लगाम सैल असतो. घुमणं गेलं, मृदंग सुटा ऐकू यायला लागला. स्पंज अजून तिथेच आहे.