मुखवट्यांची जप्ती ते अनुदानाचा निर्णय : कॅनडातल्या कलाक्षेत्राची पार्श्वभूमी

कॅनडातल्या कलासंस्थांमध्ये 'वंश-साक्षरता' हा शब्द आता रुळला आहे. वंशभेद फक्त शिवीगाळीत किंवा एखाद्याच्या वाईट स्वभावात नसतो. तो कायद्यात, अनुदानाच्या अटींत, संग्रहालयाच्या नोंदवहीत मुरलेला असतो आणि तिथे तो वाचता आला पाहिजे, असा त्याचा आशय. अमेरिकेतल्या कायदेपंडित लानी ग्विनियर यांनी 2004 साली शाळांमधल्या वंशभेदाच्या संदर्भात ही मांडणी केली होती. मात्र कलासंस्थांनी कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसाची कार्यशाळा घेतली की ही साक्षरता येते, हे मला पटत नाही. तिथले आदिवासी कलावंत 'आम्हाला सामील करून घ्या' एवढ्यावर न थांबता 'निर्णय आमच्या हाती द्या' असं का म्हणतात, हे समजायचं तर 1884 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी कॅनडाच्या संसदेने आदिवासींना लागू असलेल्या इंडियन अ‍ॅक्ट या कायद्यात दुरुस्ती करून पॉटलॅच या समारंभावर बंदी घातली. शिक्षा दोन ते सहा महिने कैद. पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाका'वाक्व आणि शेजारच्या समाजांमध्ये नामकरण, लग्न, मृत्यू, वारसा हे सगळं पॉटलॅचमध्येच जाहीर होतं. यजमान घराण्याचे मुखवटे नाचवतो, घराण्याची गाणी म्हणवतो आणि आलेल्यांना भेटी देतो. भेट स्वीकारणारा पाहुणा म्हणजे साक्षीदार. आपल्याकडे सातबाऱ्यावरची नोंद जे काम करते, ते तिथे या साक्षीदारांची स्मृती करते. त्यामुळे मुखवटा ही नुसती शोभेची वस्तू नव्हती, तर हक्काचा पुरावा होता. मिशनरींना आणि सरकारला मात्र त्यात उधळपट्टी आणि रानटीपणा दिसला.

1921 च्या नाताळात व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला. अलर्ट बे या गावी नेमलेला सरकारी एजंट विल्यम हॅलिडे याला त्याची खबर लागली आणि 45 जणांवर खटले भरले गेले. आरोप काय होते? भाषण करणं, नाचणं, वाटपाच्या वस्तू मांडणं, पाहुण्यांपर्यंत भेटी पोचवणं. गावांनी मुखवटे, खुळखुळे, तांब्याचे मानाचे पत्रे असं सगळं सरकारजमा केलं, तर शिक्षा स्थगित होईल, असा सौदा पुढे आला. 20 स्त्री-पुरुष तरीही ओकाला तुरुंगात गेले. जमा झालेल्या वस्तू अलर्ट बेच्या चर्चच्या सभागृहात मांडून ठेवल्या गेल्या. काही न्यूयॉर्कचे संग्राहक जॉर्ज हाय यांनी विकत घेतल्या, बऱ्याचशा ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि टोरोंटोत गेल्या. मोबदला म्हणून 1,495 डॉलरचे धनादेश आले. समाजाच्या लेखी सर्वांत मोलाच्या तांब्याच्या पत्र्यांचा एक सेंटही मिळाला नाही. पुढे हेच मुखवटे 'आदिम कला' म्हणून नावाजले गेले. नाचणारा गुन्हेगार, पण त्याच्या अंगावरून उतरवलेला मुखवटा देशाचा ठेवा! वंश-साक्षरतेचा पहिला धडा मला इथे दिसतो.

1951 च्या सुधारित कायद्यातून ही बंदी वगळली गेली. दोनच वर्षांनी व्हिक्टोरियात मंगो मार्टिन यांनी उघडपणे पॉटलॅच केला. वस्तू परत मिळवायला आणखी पाव शतक लागलं. त्यातही संग्रहालय बांधाल तरच वस्तू देऊ, अशी अट राष्ट्रीय संग्रहालयाने घातली. ज्यांच्या घरातून नेलं, त्यांनीच सांभाळण्याची लायकी सिद्ध करायची! गावांनी तीही पुरी केली. 1979 मध्ये केप मजला आणि 1980 मध्ये अलर्ट बेला 'उमिस्ता' अशी दोन केंद्रं उभी राहिली. उमिस्ताच्या शेजारीच सेंट मायकल्स ही निवासी शाळा होती, जिथे मुलांना आईबापांपासून आणि भाषेपासून तोडलं जाई. ती इमारत 2015 मध्ये पाडली गेली. उमिस्तामध्ये परत आलेले मुखवटे काचेच्या पेटीत ठेवले नाहीत. पॉटलॅचमध्ये ते ज्या क्रमाने येतात, साधारण त्याच क्रमाने, उघडे मांडले. पुष्कळ वर्षं ते कुलपात होते, आता नकोत, असं समाजाने ठरवलं. संग्रहालयशास्त्राच्या सर्वमान्य नियमांना बाजूला सारून घेतलेला हा निर्णय आदिवासींच्या स्वतःच्या न्यायकल्पनेतून आलेला आहे, आणि तो मला कुठल्याही धोरणपत्रापेक्षा बोलका वाटतो.

दुसरी ठिणगी 1988 ची. कॅलगरीतल्या हिवाळी ऑलिंपिकनिमित्त ग्लेनबो संग्रहालयाने आदिवासी कलेचं भव्य प्रदर्शन भरवलं. मुख्य प्रायोजक होती शेल कंपनी. त्याच वेळी लुबिकन क्री हे आदिवासी लोक ज्या जमिनीवर हक्क सांगत होते, तिथे तेलासाठी खोदकाम चालू होतं. लुबिकनांनी बहिष्काराची हाक दिली आणि काही संग्रहालयांनी वस्तू द्यायला नकार दिला. या वादातून असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स ही आदिवासींची राष्ट्रीय संघटना आणि कॅनडातल्या संग्रहालयांची संघटना यांचा संयुक्त कृतिगट नेमला गेला. 1992 मध्ये त्याचा अहवाल आला. प्रदर्शन ठरवताना सुरुवातीपासून आदिवासींची भागीदारी हवी, हे त्यात मान्य झालं.

1992 मध्येच कलावंतांनी चालवलेल्या केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेत 'मिन्क्वॉन पंचायत' नावाचा गट उभा राहिला. कवयित्री लिलियन अ‍ॅलन यांचा त्यात पुढाकार होता. आदिवासी आणि वेगवेगळ्या वर्णांचे कलावंत एकत्र येऊन म्हणत होते की संघटनेचा कारभारच बदलला पाहिजे. पुढच्याच वर्षी कॅलगरीच्या सभेत बोलणी फिसकटली आणि नंतर ती राष्ट्रीय संघटनाही टिकली नाही. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या कलावंतांनाही सत्ता वाटून घेणं जमलं नाही, म्हणून हा प्रसंग विसरता कामा नये.

निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 मध्ये 94 आवाहनं केली. त्यातलं 67 वं संग्रहालयांच्या धोरणांविषयी, 83 वं कलेच्या अनुदानाविषयी आहे. 2017 पासून कॅनडा कौन्सिल या कलांना अनुदान देणाऱ्या केंद्रीय संस्थेने आदिवासी कलांसाठी स्वतंत्र अनुदान कार्यक्रम सुरू केला. अर्ज कुणी तपासायचे आणि कशाला महत्त्व द्यायचं, हे त्यात आदिवासीच ठरवतात. अनुदानाच्या रकमेपेक्षा मला हा बदल मोठा वाटतो.

वस्तूंची घरवापसी मात्र अजून देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों यांच्या संग्रहातलं एक शिरोभूषण त्यांच्या कन्येने 2003 मध्ये स्वतः अलर्ट बेला परत केलं. ब्रिटिश म्युझियमने एक मुखवटा 2005 मध्ये पाठवला, पण उसना, मालकी आपल्याकडेच ठेवून. अमेरिकेत 1990 पासून यासाठी केंद्रीय कायदा आहे. कॅनडात अशा वस्तूंच्या परतीचं राष्ट्रीय धोरण आखण्यासाठी आणलेलं विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं आणि 2019 मध्ये सिनेटमध्ये अडकून बारगळलं.