सी भाषेत फंक्शनच्या आत अ‍ॅरेची लांबी साइझऑफने मिळते का?

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतून झेरॉक्स नोट्समधून आणि आता मोबाइलवरून फिरणारे एक विधान असे आहे: ‘लिनिअर सर्चच्या फंक्शनला अ‍ॅरेची लांबी वेगळी द्यावी लागत नाही, आत साइझऑफचा भागाकार केला की ती आपोआप मिळते.’

लिनिअर सर्च म्हणजे अ‍ॅरेतले, म्हणजे ओळीने साठवलेल्या एकाच प्रकारच्या मूल्यांच्या यादीतले, घटक एकेक करून तपासत शोधणे. साइझऑफ एखादी गोष्ट मेमरीत किती बाइट व्यापते ते सांगतो, आणि भागाकार म्हणजे पूर्ण अ‍ॅरेचे बाइट भागिले एका घटकाचे बाइट. हा समज होणे स्वाभाविक आहे, कारण मेनमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो आणि जिथे अ‍ॅरे जाहीर झालेला असतो त्या फंक्शनमध्ये, हाच भागाकार अचूक उत्तर देतो. समजा, कापूस वेचणीच्या 10 दिवसांचे किलो इंट (पूर्णांक) अ‍ॅरेत भरले आहेत. इंट 4 बाइटचा असेल, तर 40 भागिले 4 म्हणजे 10. मात्र सी भाषेत फंक्शनला अ‍ॅरे दिला, की आत पोहोचतो तो पहिल्या घटकाचा पत्ता, म्हणजे पॉइंटर. पॅरामीटरच्या, म्हणजे फंक्शन जे मूल्य घेते त्याच्या नावापुढच्या, चौकटी कंसात 10 लिहिले तरी यात फरक पडत नाही. आजच्या नेहमीच्या 64 बिट संगणकावर पॉइंटर 8 बाइटचा असतो, म्हणून भागाकार 2 येतो आणि शोध दुसऱ्याच दिवसापाशी थांबतो. शोधायची संख्या पहिल्या दोन घटकांत असली तर प्रोग्राम बरोबर चालल्यासारखा दिसतो, आणि माझ्या मते हा समज टिकला तो यामुळेच.

पडताळणीसाठी तोच भागाकार मेनमध्ये आणि फंक्शनमध्ये प्रिंटएफने छापून पाहावा. जीसीसी कंपायलर तर अशा ओळीवर स्वतःहून इशारा देतो. लांबी मेनमध्येच काढून दुसरा पॅरामीटर म्हणून पाठवावी.