वारुळातली अळंबी : एका जुन्या भागीदारीची पार्श्वभूमी

पावसाने जोर धरला की गोव्यात सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागांतून पानांत बांधलेली रोयणीची अळमी, म्हणजे वारुळावर उगवणारी अळंबी, बाजारात येतात. भाव कितीही चढा असला तरी ती हातोहात खपतात. धिंगरी अळंबीसारखे तिचे पीक शेडमध्ये घेता येत नाही, कारण ती वाळवीने लावलेली असते.

तिचा दांडा जपून उकरत गेलो तर तो मुळासारखा निमुळता होत हात-दीड हात खोल जातो आणि स्पंजासारख्या करड्या पोळ्यापाशी थांबतो. कामकरी वाळवी पालापाचोळा आणि सुके लाकूड चावून खाते, आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेतून हे पोळे रचते. लाकडातले चिवट लिग्निन तिला एकटीला पचत नाही. पोळ्यावर वाढणारी बुरशी ते फोडते, मग वाळवी जुने पोळे आणि त्यावरचे खसखशीएवढे पांढरे दाणे खाते. पानगळीच्या जंगलात पाचोळ्याची माती होते ती बरीचशी अशी. ही शेती सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असे मानतात.

माणसाच्या नोंदी मात्र अलीकडच्या. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य योहान केनिग याने १७७९ मध्ये तंजावर भागातल्या वाळवीचे वर्णन छापले, त्यात वारुळातल्या बुरशीचा उल्लेख आहे. तंजावरच्या गादीवर तेव्हा भोसले होते. पुढे श्रीलंकेतल्या पेराडेनियाच्या वनस्पती उद्यानात टॉम पेच याने वारुळे खणून बारकाईने अभ्यास केला आणि तो १९०६ मध्ये प्रसिद्ध केला. या अळंब्यांना ‘टर्मिटोमायसिस’ हे स्वतंत्र प्रजातीनाव (जीनस) फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी दिले ते १९४२ मध्ये. कोकण-गोव्याने वारुळाची थोरवी त्याच्या कितीतरी आधी ओळखली होती. सातेरी देवीच्या कित्येक देवळांत आजही वारूळच पूजतात.

बेसुमार काढणीने ही अळंबी संपेल की काय, या आजच्या चिंतेचे मूळ वाळवी-बुरशीच्या भागीदारीच्या एका नाजूक टप्प्यात आहे. पहिल्या पावसात पंखवाली वाळवी उडते, जोड्या जमिनीत शिरून नवे घर मांडतात. बहुतेक जातींत ही जोडी बुरशी बरोबर नेत नाही. पहिली कामकरी पिढी बाहेर पडते तेव्हा, उमललेल्या छत्र्यांतून गळलेले बीजाणू (बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण) चाऱ्याबरोबर तिच्या घरात येतात. बाजारात मागणी असते ती न उमललेल्या कळ्यांना. एका वारुळावरच्या सगळ्या कळ्या खुडल्या, तर त्या वारुळाचे बीजाणू त्या वर्षी रानात पडतच नाहीत. डॉ. नंदकुमार कामत यांच्यासारखे गोव्यातले अभ्यासक याविषयी अनेक वर्षे कळकळीने लिहीत आले आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. अभयारण्यातून अळंबी काढायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येतो, पण बागायती आणि खासगी रानातल्या वारुळांना असे कवच नाही. तिथे निम्म्या छत्र्या उमलू द्यायच्या की नाही, हे काढणाऱ्यावर आणि विकत घेणाऱ्यावरच अवलंबून आहे.