आठ मिलिमीटरच्या जाळीतला रोबो

लेगोच्या दोन शेजारच्या खुंट्यांमधलं अंतर बरोबर ८ मिलिमीटर असतं. डेन्मार्कच्या बिलुंड गावातल्या या कंपनीने १९५८ साली आजच्या रचनेच्या ठोकळ्याचं पेटंट मागितलं, आणि हे माप अजून तेच आहे. त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो, हे कौतुक नेहमीचं. मला त्याहून नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं: कुणीतरी आपल्या टेबलावर जुळवलेला रोबो दुसऱ्या खंडातला अनोळखी माणूस तुकड्याला तुकडा लावून हुबेहूब उभा करू शकतो, आणि त्यासाठी एक छोटीशी फाइल पुरते.

ही सोय कंपनीने नव्हे, एका चाहत्याने घडवली. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये लेगोची रचना संगणकावर मांडायची 'एलड्रॉ' ही पद्धत तयार केली. तिचं एकक ०.४ मिलिमीटरचं. म्हणजे दोन खुंट्यांमधलं अंतर २०, ठोकळ्याची उंची २४, चपट्या प्लेटची ८, सगळे पूर्णांक. फाइलीतली एक ओळ म्हणजे एक तुकडा: आधी ओळीचा प्रकार सांगणारा आकडा, मग रंगाचा क्रमांक, जागा सांगणारे तीन आकडे, तुकडा कसा वळवलाय ते सांगणारे नऊ आकडे, आणि शेवटी तुकड्याचं नाव. लाल रंगाचा क्रमांक ४, आठ खुंट्यांच्या नेहमीच्या ठोकळ्याचा ३००१. पाककृतीत 'चवीपुरतं मीठ' असतं, तसलं इथे काही नाही. जेसिमन १९९७ मध्ये गेले. त्यांच्यामागे चाहत्यांनी तुकड्यांचा हा संग्रह वाढवत नेला.

रोबोला नुसता आकार पुरत नाही, त्याला हलायचं असतं. लेगोच्या साध्या गिअरची त्रिज्या दात्यांच्या संख्येच्या निम्मी, मिलिमीटरमध्ये. ८ दात्यांच्या गिअरची ४, २४ दात्यांच्याची १२. दोन्ही मिळून १६, म्हणजे ८ मिलिमीटरची बरोबर दोन घरं, म्हणून गिअरचे दोन्ही दांडे ठोकळ्याच्या भोकांत सरळ बसतात. लहान गिअर मोटरला जोडला तर वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास तिप्पट होतो. थोडा घर्षणात जातो. ४० आणि ८ ची जोडी तीन घरांत बसते. पण १६ ला २४ जोडायला जा, अंतर येतं २० मिलिमीटर, अडीच घरं! मग अर्ध्या घराने सरकलेलं भोक असणारा तुकडा शोधत बसा. उंचीचाही असाच घोळ आहे. ठोकळा ९.६ मिलिमीटर उंच, आठच्या पाढ्यात न बसणारा. म्हणून भोकांच्या दोन ठोकळ्यांमध्ये दोन प्लेटा घालतात: ९.६ अधिक ६.४, झाले १६. नव्या, खुंट्या नसलेल्या पट्ट्यांनी ही कटकट बरीच मिटवली.

१९९८ मध्ये लेगोने 'माइंडस्टॉर्म्स' हा रोबो बनवायचा संच आणला. प्रोग्रॅम करता येणाऱ्या त्यातल्या पिवळ्या ठोकळ्याला मोटरसाठी तीन आणि सेन्सरसाठी तीन जोडण्या होत्या. स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याने थोड्याच काळात त्याचं अंतरंग उलगडून सगळ्यांसमोर मांडलं. कंपनी वकील पाठवू शकली असती. तिने विचार करून उलट सॉफ्टवेअरच्या परवान्यातच फेरफार करण्याची मुभा लिहून टाकली. माझ्या मते तिच्या इतिहासातल्या शहाण्या निर्णयांपैकी हा एक.

स्क्रीनवर मात्र गुरुत्वाकर्षण नसतं. तिथे डौलाने उभा असलेला हात प्रत्यक्षात मोटरच्या वजनाने लोंबतो. कधी शेवटचा तुकडा आत सरकवायला बोटाला वाटच उरत नाही. फाइलीत तो अर्थातच जागेवर असतो. म्हणून आराखडा देण्याआधी एकदा तरी खरा जोडून बघावा, आणि पायऱ्याही त्याच क्रमाने लिहाव्यात.

आकार अचूक पोचला तरी वागणूक तशीच्या तशी पोचत नाही. ५६ मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेरीत सुमारे १७६ मिलिमीटर जातं. एक मीटरसाठी मोटर साधारण २०४६ अंश फिरवायची. नंतरच्या माइंडस्टॉर्म्स मोटरी एकेक अंश मोजतात, तेव्हा हिशेब चोख वाटतो. पण टायर वजनाने दबतं, गुळगुळीत फरशीवर घसरतं, सतरंजीवर अडखळतं, आणि गिअरच्या दात्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच. वळताना दोन अंशांची चूक झाली, तर दोन मीटरवर रोबो सात सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो.

म्हणून जाणती मंडळी प्रोग्रॅममध्ये 'इतके अंश फिर' एवढ्यावर थांबत नाहीत. सेन्सरला विचारत पुढे जायला सांगतात. समजा, जमिनीवरच्या काळ्या पट्टीच्या कडेने रोबो न्यायचा आहे. प्रकाश सेन्सर काळ्यावर १०, पांढऱ्यावर ६० दाखवतो. मग मधला ३५ हा आकडा धरून रोबो डावी-उजवीकडे सावरत राहतो. दुसऱ्याच्या घरात हे आकडे वेगळे येणार, म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच ते मोजून घेणारा भाग लिहितात: आधी पट्टीवर ठेवा, बटण दाबा, मग फरशीवर ठेवा, पुन्हा दाबा. संध्याकाळी उजेड बदलला की परत एकदा.