पार्श्वभूमी : ‘घामाचे दाम’ ते ‘सातबारा कोरा’

जुलै २०२५मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या पापळहून यवतमाळच्या चिलगव्हाणपर्यंत कर्जमाफीसाठी पदयात्रा निघाली, तेव्हा ‘सातबारा कोरा’, म्हणजे उताऱ्यावरचा कर्जाचा बोजा पुसा, ही घोषणा वऱ्हाडात लहान पोरांनाही पाठ होती. पण कापूसपट्ट्याची मूळ घोषणा ही नव्हे. १९८०च्या दशकात गाजली ती ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. कापूस १९७२पासून एकाधिकार खरेदीत सरकारलाच घालायचा, म्हणून भांडण भावाचं होतं. कर्ज तेव्हाही होतंच, पण कर्जमाफी मागणं कमीपणाचं वाटे.

२००२मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीपासून बचावासाठी जनुक बदललेल्या वाणाला, परवानगी मिळाली आणि गावातल्या भिंती बियाण्याच्या जाहिरातींनी भरल्या. चित्रात बोंडांनी लगडलेलं झाड असायचं. कोरडवाहू रानात त्याला पाणी कुठून आणायचं, हे नसायचं. २००८च्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच. पाच एकरांच्या वर कोरडवाहू असलेला इथला शेतकरी कागदोपत्री मोठा ठरला; त्याने सूट वजा जाता उरलेली रक्कम भरली तरच ती सूट.

खरा घोळ जून २०१७चा. आंदोलकांची मागणी सरसकट माफीची होती. सरकारने ती ‘तत्त्वतः’ मान्य केली आणि लगेच ‘निकषांसह’ असं जोडलं. हे शब्द एकत्र कसे नांदणार, यावर पारापारावर टिंगल झाली. मग दीड लाखाची मर्यादा आली, पात्रता कुटुंबागणिक ठरली, अर्ज ऑनलाइन भरायचे. दीड लाखाच्या वर थकबाकी असेल तर वरचा पैसा आधी स्वतः भरा, मग माफी. तो पैसा असता तर थकबाकीच कशाला राहिली असती? नियमित फेडणाऱ्याला २५ टक्के किंवा जास्तीत जास्त २५ हजार. म्हणजे वेळेवर भरणाराच येडा ठरला. जाहिरातीत मात्र ३४ हजार कोटी ठळक. मागणाऱ्यांची घोषणा बिनशर्त होती हे खरं, पण जाहिरातही तेवढीच बिनशर्त होती, आणि अटी शासन निर्णयात होत्या. माझ्या मते फसगत तिथे झाली.

२०१९च्या डिसेंबरात मर्यादा दोन लाखांवर गेली. २०२४च्या विधानसभा प्रचारात ‘सातबारा कोरा’ सत्तेतल्यांच्याच तोंडी आला. ऑक्टोबर २०२५मध्ये ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्यांनी नागपूरजवळ महामार्ग अडवला. त्यानंतर सरकारने निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख दिली आणि समिती नेमली.