‘लक’ची पार्श्वभूमी: काळं मांजर, अक्काबाई आणि अठराव्या वर्षी घर सोडणारी मुलगी

‘लक’ हा ॲनिमेशनपट 5 ऑगस्ट 2022 रोजी ॲपल टीव्ही प्लसवर आला. स्कायडान्स ॲनिमेशन या स्टुडिओचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. सॅम ग्रीनफिल्ड ही त्याची नायिका. ती अनाथ आहे, आणि हातातला टोस्ट पडला तर जॅमच्या बाजूनेच पडणार अशा नशिबाची. एका काळ्या मांजराकडून रस्त्यावर राहिलेलं शुभ नाणं तिच्या हाती लागतं, ते तिच्याकडून हरवतं, आणि मांजराच्या मागे धावत ती थेट ‘नशिबाच्या राज्यात’ पोहोचते. वरच्या बाजूला सुदैव, खालच्या बाजूला दुर्दैव, आणि दोन्ही मिसळून पृथ्वीवर पाठवणारं एक यंत्र. दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची लटकणाऱ्या मुंबईत या कारभाराचं फार नवल वाटू नये.

पडद्यामागचा प्रवास बराच खडतर होता. ॲनिमेशन दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनी गैरवर्तनाच्या तक्रारींनंतर 2018 च्या अखेरीस डिस्ने-पिक्सार सोडलं आणि 2019 च्या सुरुवातीला स्कायडान्सने त्यांना ॲनिमेशन विभागाचं प्रमुखपद दिलं. या नेमणुकीच्या निषेधार्थ अभिनेत्री एमा थॉम्पसन यांनी चित्रपट सोडला आणि कारणं सांगणारं त्यांचं पत्र वृत्तपत्रात छापून आलं. दिग्दर्शकही बदलले, आधी ठरलेल्या अलेस्सांद्रो कार्लोनींच्या जागी पेगी होम्स आल्या. चित्रपटगृहांत लागायचा बेत मागे पडला आणि चित्रपट थेट घरच्या पडद्यावर आला. समीक्षकांचं मत संमिश्र राहिलं. नशिबाच्या राज्याचे नियम फार गुंतागुंतीचे झाले आहेत ही टीका मला पटते. तरीही चित्रपटाच्या पोटातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात, आणि त्यांची मुळं या स्टुडिओच्या कितीतरी आधीची आहेत.

पहिली गोष्ट मांजराची. चित्रपटातलं ते काळं मांजर, बॉब, स्वतःला स्कॉटिश म्हणवतं, कारण स्कॉटलंडमध्ये काळं मांजर शुभ. अनोळखी काळं मांजर उंबऱ्याशी येऊन बसलं तर घरात बरकत येते, असं तिथे मानतात. मात्र बॉब मुळात इंग्लंडचा आहे, आणि चित्रपटाच्या हिशेबात तिथलं काळं मांजर अपशकुनी. ही ओळख तो जिवापाड लपवतो. युरोपात काळ्या मांजराच्या वाट्याला आलेली बदनामी फार जुनी आहे. पोप नववे ग्रेगरी यांच्या 1233 सालच्या एका फर्मानात पाखंड्यांच्या विधीचं वर्णन येतं आणि त्यात काळं मांजर आहे. पुढे चेटकिणींच्या खटल्यांच्या काळात ती भीती घट्ट होत गेली. त्याच युरोपातले खलाशी मात्र जहाजावर मांजर हौसेने पाळत. धान्य आणि दोरखंड कुरतडणाऱ्या उंदरांना आवरायला दुसरं होतं तरी कोण?

आपल्याकडे मांजर आडवं गेलं की माणूस थबकतो, चार पावलं मागे जातो, किंवा दुसरं कोणीतरी पुढे जाईपर्यंत थांबतो. दादरच्या गल्लीत अपशकुनी ठरलेलं हेच मांजर एडिनबराच्या दारात पाहुणा असतं. मांजर तेच असतं, माणसांची समजूत तेवढी बदलते. बॉबच्या खोट्या ओळखीतून चित्रपट हे मुलांपर्यंत सहज पोहोचवतो, एकही प्रवचन न देता. काळी मांजरं आजही दगड खातात, म्हणून मला हा भाग महत्त्वाचा वाटतो.

सुदैव आणि दुर्दैव एकाच नाण्याच्या दोन बाजू, ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. पुराणकथेत समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी ज्येष्ठा बाहेर येते. तीच अलक्ष्मी, आपली अक्काबाई. दोघी सख्ख्या बहिणी. थोरलीला आंबट-तिखट आवडतं, म्हणून लिंबू-मिरची दाराबाहेर टांगायची. ती तिथेच तृप्त होऊन परत फिरते, अशी लोकसमजूत आहे. मुंबईत शनिवारी सकाळी दुकानादुकानांत जुनी माळ उतरून नवी चढते ती याच बहिणीसाठी. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा होते आणि मध्यरात्रीनंतर अलक्ष्मीला झाडून बाहेर काढायची प्रथा आहे. मला या कथेत नेहमी थोरलीचीच बाजू घ्यावीशी वाटते. जन्माने आधीची, पण घरात तिला कोणीच घेत नाही.

सॅमही तशीच. चित्रपटाची दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी गोष्ट, हीच आहे. सॅम बालगृहात वाढली, तिला दत्तक घेणारं कुटुंब कधी मिळालंच नाही, आणि अठरा पूर्ण होताच तिला ते घर सोडावं लागलं. शुभ नाणं तिला स्वतःसाठी नकोच आहे. बालगृहातल्या धाकट्या हेझलला तरी आई-बाबा मिळावेत म्हणून ती त्यामागे धावते.

मुंबईत या गोष्टीला शंभर वर्षांची पार्श्वभूमी आहे. 1924 साली मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा झाला आणि त्यानंतर 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. डोंगरी आणि मानखुर्दची बालगृहं तिचीच. पण अठराव्या वर्षाची भिंत कायम होती. दाखला, राहायला जागा, अर्जावर पालकाच्या रकान्यात लिहायचं नाव, हे सगळे प्रश्न एकाच वाढदिवसाला समोर उभे राहतात. 2015 च्या बाल न्याय कायद्याने संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना आर्थिक मदतीची तरतूद केली. एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देण्यासाठी अनुरक्षण गृहांची सोय आहे. 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण लागू केलं.

सॅमला संस्थेबाहेर पडताना एक छोटा फ्लॅट आणि दुकानातली नोकरी मिळते. चित्रपट ते दोन-तीन प्रसंगांत उरकून जादूच्या राज्याकडे धावतो. मुलांबरोबर बघाल तेव्हा तिथे जरा थांबा. रिकाम्या खोलीत ती पहिल्यांदा एकटी झोपते, तिथे मुलं नक्की विचारतील की हिची आई कुठे आहे. त्यांना मानखुर्दबद्दलही सांगा.